हवालदाराला बोलवा

कुठंही जायचं म्हटलं की माझा मेव्हणा शिवलिंग पहिल्यांदा एकच विचारायचा, "परत कसं यायचं?" लग्न असो, बाजार असो, मयत असो. एकदा उदगीरला आमच्या चुलत्याच्या घरी कार्य होतं. मी त्याला घ्यायला गेलो तर हा ओट्यावर बसून बुटाला तेल लावत होता.

"हवालदार, उठा. एसटी येईल."

"परत कसं यायचं?"

"अहो, अजून गेलो न्हाई तर!"

"म्हणूनच आता विचारून राहिलो. जायला सगळ्यांनाच येतं, दाजी."

मग शेवटची गाडी कितीची, ती चुकली तर रेल्वे कुठवर नेते, तिथून पुढं कोण ओळखीचं, सगळं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. उदगीरला उतरल्याबरोबर अडत बाजारात गेला आणि एका ट्रकवाल्याला चहा पाजून आला. मला राग आला. कार्याला आलोय की ट्रक बघायला? पण संध्याकाळची एसटी खरंच आली नाही. वऱ्हाड स्टँडवर सतरंज्या टाकून बसलं आणि आम्ही तुरीच्या पोत्यांवर बसून औशापर्यंत आलो. वाटेत त्यानं बढाई मारली नाही. एवढंच म्हणाला, "आमच्यात परत येण्याचा रस्ता आधी ठरवत्यात. काम मागून."

आमच्यात म्हणजे फौजेत. तेही साध्या पलटणीत नाही. विमानातून छत्री बांधून उड्या मारायच्या, वैऱ्याच्या पाठीमागं जायचं, नेमून दिलेलं काम करायचं आणि निघून यायचं, असल्या मोजक्या लोकांत तो होता. कमांडो हा शब्द आमच्या गावानं त्याच्यामुळं ऐकला. तो येणार म्हटल्यावर लोकांना वाटलं कोणी पहिलवान येईल. एसटीतून उतरला तो शेवग्याच्या शेंगेसारखा वाळका, एका पायानं लंगडणारा माणूस. "ह्यो कमांडो?" म्हणून पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. माझी बायको गौरा त्याची धाकटी बहीण. ती त्या पोरींच्या अंगावर धावून गेली होती.

गौरा यंदा गेली. भावाबद्दल सांगायचं ते तिनंच सांगायला पाहिजे होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. घरात आता बोलायला कोणी नाही, आणि डोक्यात तीच दोघं बोलत असतात. म्हणून लिहितो.

तो आला ते बहात्तरच्या दुष्काळात. उड्या मारून मारून गुडघा गेला होता, म्हणून फौजेनं घरी पाठवलं. बायको आधीच वारली होती, लेकरू नव्हतं. उदगीरकडची जमीन धाकट्या भावाला देऊन तो बहिणीच्या गावी राहिला. आमच्या शेजारीच दोन खणांचं घर बांधलं. लोक म्हणाले, बहिणीच्या दारात राहायला आला. त्यानं ऐकून घेतलं. त्याला ऐकून घ्यायची सवय होती.

सकाळी उठून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तो पाण्याचा घोट घेत नसे. आम्हा लिंगायतांत सगळेच करतात, पण हा त्या दुष्काळात थेंबांनी पूजा करायचा. बोट ओलं करायचं, बस. मी एकदा विचारलं, "लढाईत काय करत होता? तिकडं तर म्हणे सगळं काढून ठेवावं लागतं."

"हाव. बिल्ला काढला. चिठ्ठ्या काढल्या. साहेब म्हणाला, गळ्यातलं पण काढ. म्हणालो, साब, हे काढलं तर आमच्यात माणूस मेला म्हणत्यात. मेलेल्या माणसाला कामगिरीवर पाठवून राहिले का तुम्ही?"

"मग?"

"साहेब शीख होता. त्याला समजलं. म्हणाला, फडक्यात बांध, वाजलं नाही पाहिजे."

त्या वर्षी आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला होतो. गौरा, मी, सरपंच अप्पांची सूनसुद्धा. वर उन्हं, खाली दगड, पोटात रेशनची तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी. हवालदाराला पेन्शन होती, त्याला यायची गरज नव्हती. तरी गुडघ्याला चिंध्या बांधून यायचा. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसलो की पोरंबाळं, बाया, सगळे त्याच्याभोवती. "हवालदारसाब, लढाईचं सांगा. किती मारले?"

"मारायला गेलो नव्हतो," तो म्हणायचा.

लोकांची निराशा व्हायची. मग तो सांगायचा. पश्चिमेला वाळूच्या मुलखात जीपगाड्या घेऊन ते वैऱ्याच्या पाठीमागं लांब आत शिरले होते. एक ठाणं गाठलं, दाणादाण उडवली आणि तिथं न थांबता दुसऱ्या वाटेनं परत आले.

"मग ठाणं घेतलं ते सोडून दिलं?" सरपंच अप्पांना हे पटेना.

"ठेवून काय करायचं, अप्पा? मूठभर माणसं आम्ही. आमचं काम मारणं कमी. वैऱ्याची मान मागं वळवणं जास्त. त्याला वाटलं पाहिजे, घरात शिरले. मान मागं वळली की समोरून आपली फौज जाते. समोरून फौजच आली न्हाई, तर आम्ही काय केलं? कुत्री भुंकवली आन् परत आलो."

मला नांगराची भाषा कळते हे त्याला ठाऊक होतं. मला म्हणाला, "दाजी, फौज म्हणजे तुमचा नांगर. रान उलथतो, पेरणीजोगं करतो आन् तिथंच राहतो. आम्ही म्हणजे दाभण. पोतं शिवायचं तर तिथं नांगर चालत न्हाई. पण दाभणानं रान नांगरायला बसलात तर दाभण मोडतं, आन् रानही पडीक राहतं."

हे शेवटचं तो उगीच बोलत नव्हता. ते मला पुढं कळलं. त्याच लढाईत एका ठिकाणी पलटण वेळेवर पोचणार नव्हती, म्हणून ह्या लोकांना एका टेकाडावर बसवलं होतं. धरून ठेवा म्हणाले. यांच्याजवळ हलकी हत्यारं, पाठीवर मावेल तेवढं पाणी. किनवटकडचा एक गडी त्याचा जोडीदार होता. जंगलात वाढलेला, पाचोळ्यावरून चालला तर आवाज व्हायचा नाही. "असला गडी दाजी, घडवायला लई वर्षं लागतात. बाजारात मिळत न्हाई. त्याला दुपारभर एका जागी बसवून ठेवलं. त्याला बसायला शिकवलंच नव्हतं." तो जोडीदार त्या टेकाडावरच राहिला. पाणी आधी संपलं होतं.

"कुणाची चूक?" मी विचारलं.

"वाईट माणसाची न्हवती. घाईची होती. जवळ चांगला माणूस दिसला की लावला कामाला. असंच असतं."

एवढं बोलून तो हातोडा घेऊन उठला. पुन्हा ती गोष्ट त्यानं काढली नाही.

त्या दुष्काळात बोअरची गाडी औशाला येऊन उभी होती. गावोगाव जात होती, आमच्याकडं येत नव्हती. विहिरीच्या तळाला नुसता चिखल. बाया वाटीनं पाणी भरायच्या. सरपंच अप्पांनी ठरवलं, सगळं गाव घेऊन तहसीलवर मोर्चा न्यायचा. हवालदार म्हणाला, "थांबा. आधी बघून येऊ. चौघं लई झाले."

तो, मी, गौरा आणि तिची मैत्रीण सखूबाई असे आम्ही गेलो. मला वाटलं काहीतरी डाव असेल. कसला डाव! बोअरच्या गाडीसमोर चहाचं हॉटेल होतं, तिथं बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. बाया गाडीच्या सावलीला बसल्या. हवालदार कोणाला काही विचारत नव्हता. मी वैतागलो. तो म्हणाला, "डोळे उघडे ठेवा, तोंड बंद." शेवटी ड्रायव्हरनंच सखूबाईला विचारलं, कुठलं गाव? तिनं सांगितल्यावर तो म्हणाला, "त्या गावाला न्हाई बाबा. ओढ्यावरची फरशी खचली आहे. माझी गाडी उलटंल."

घ्या. गाव म्हणत होतं राजकारण आहे, वरचे लोक पैसे मागतात. कारण निघालं ते आमच्याच ओढ्यातलं. आम्ही परत आलो आणि हवालदारानं सरपंचांना सांगितलं, "आमचं काम झालं. आता फौजेचं. मोर्च्याला निघणार होते तेवढे सगळे ओढ्यात उतरा." गाव उतरलं. आम्ही फोडलेले दगडच तिथं भरले. गाडी आली. बोअरला पाणी लागलं तेव्हा गढूळ फवारा अंगावर घेऊन म्हातारी माणसं नाचली. गौरानं त्या चिखलाचा टिळा भावाला लावला. बोअरवर हापसा बसला आणि गावानं त्याला नावच देऊन टाकलं, हवालदाराचा हापसा.

तिथंच वाटोळं झालं.

त्यानंतर गावाला सवय लागली. हापसा खचखच करायला लागला, हवालदाराला बोलवा. विहिरीत म्हैस पडली, हवालदाराला बोलवा. दोन भावांत बांधावरून काठ्या निघाल्या, हवालदाराला बोलवा. मास्तर शाळेत येत नाही, हवालदाराला बोलवा. तो जायचा. लंगडत जायचा आणि काम करून यायचा. लोक काठावर उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "कमांडो आहे, उगी न्हाई." गौराला अभिमान वाटायचा. मलाही वाटायचा. तो मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. एकदा म्हशीच्या दाव्यानं सोललेल्या हाताला हळद लावताना म्हणाला, "गौरे, काठावर जेवढे उभे होते ना, त्यांनी नुसता एकेक हात लावला असता तरी म्हैस आपोआप वर आली असती."

"मग सांगायचं की त्यांना!"

"मी असल्यावर ते कशाला लावतील?"

पुढं लातूर जिल्हा झाला. आधी प्रत्येक कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता कलेक्टर लातूरलाच म्हटल्यावर गावाला वाटलं, स्वर्ग औशापर्यंत आला. गुलाल उधळला. शाळेत झेंडावंदनाला एक पुढारी आले होते, त्यांनी हवालदाराचा सत्कार केला. भाषणात म्हणाले, "असे शंभर कमांडो असले तर देशाला फौजेची गरजच नाही!" टाळ्या पडल्या. हवालदारानं नारळ खाली ठेवला आणि माईकजवळ गेला.

"साहेब, असं बोलू नका. लेकरं ऐकून राहिलीत. मला तिथवर नेणारा ड्रायव्हर होता. वायरलेसवाला होता. पोळ्या लाटणारा लांगरी होता. आन् समोरून येणारी पलटण होती. ते नसते तर मी वाळूत वाळून गेलो असतो. मोजकी माणसं दार उघडतात. घर सगळ्यांनी सांभाळायचं असतं. देशाचंही तसंच आहे."

टाळ्या पडल्या नाहीत. पुढाऱ्यांनी घड्याळ बघितलं.

नव्या जिल्ह्याचं ऑफिस जवळ आलं तशी त्याची पायपीट उलट वाढली. "लातूर तर इथंच आहे, हवालदारसाब, जाऊन या की." रेशनला जा, रस्त्याला जा, विजेच्या डीपीला जा. तो लातूरला जाऊन एसटीनं परत यायचा तेव्हा गुडघा कलिंगडासारखा सुजलेला असायचा. गौरा शेकायची.

मग एका वर्षी पाऊस पुन्हा रुसला होता आणि ऐन चैत्रात हापसा मोडला. दांडा खाली गेला तो वर येईना. आतली सळई तुटली होती. सगळं गाव त्याच्या ओट्यासमोर जमा झालं.

"हवालदारसाब, लातूरला जाऊन मिस्त्रीची गाडी घेऊन या."

"मी न्हाई जाणार."

लोकांना वाटलं चेष्टा करतो. सरपंच अप्पा म्हणाले, "गुडघा दुखतो का?"

"दुखतो. पण त्याच्यापायी न्हाई. गावात एसटीत चढता येणारा हा एकच लंगडा आहे का?"

"आम्हाला तिथलं काय कळतं?"

"मलाबी कळत नव्हतं. जाऊन बसलो, मग कळलं."

"अहो, तोवर प्यायचं काय?"

"मळ्यातल्या विहिरीचं. लांब आहे. लांब आहे म्हणूनच कोणीतरी लवकर लातूरला जाईल."

तेव्हा लोकांनी तोंडं सोडली. कोणी म्हणालं, पेन्शन खाऊन माजला. कोणी म्हणालं, बहिणीच्या दारात राहतो आणि ताठा बघा. गौरा पाणी शेंदून, दोन घागरी घेऊन उन्हातून आली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"अण्णा, परक्यासाठी वाळूत गेलास. घरच्या बायांसाठी तुला उठवत न्हाई?"

तो ओट्यावरून उठला नाही. ती म्हणाली, "माझ्या घागरीतलं पाणी मागू नको मग." आणि घरात गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेना.

त्यानं तिच्या घागरीतलं पाणी घेतलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर खांद्यावर घेऊन बायांच्या मागं मळ्याची वाट धरली. लंगडत. बायांच्या रांगेत एकटा बाप्या. पोरं ओरडली, "कमांडो पाणी भरतोय!" तो आपला नंबर येईपर्यंत उभा राहायचा. घरी येईपर्यंत घागर अर्धी सांडलेली असायची. मी म्हणालो, "हवालदार, ही कसली जिद्द? बाया हाल काढून राहिल्यात. एकदा जाऊन या, मग सोडा."

"एकदा, एकदा करत दहा-बारा वर्षं झाली, दाजी. मी मेल्यावर हापसा मोडणार न्हाई का? तेव्हा कोण जाईल? तेव्हा गौरानं कुठून पाणी आणायचं?"

हे त्यानं गौराला सांगायला पाहिजे होतं. मला सांगितलं. मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच्या तोंडानं सांगू दे." दोघंही एका आईची.

शेवटी सरपंच अप्पांनी दोन माणसं लातूरला पाठवली. ती रिकामी आली. ऑफिसात विचारलं, कुठल्या बनावटीचा हापसा, किती खोल, काय मोडलं? यांना एकही सांगता आलं नाही. लोक पुन्हा त्याच्या ओट्यासमोर आले. "बघितलं? आता तरी जा." हवालदार म्हणाला, "चांगलं झालं की. काय विचारतात ते कळलं ना? झाली टेहळणी." एक जण त्याच्या ओट्यावर थुंकला. त्यानं ते पुसलं.

पुढच्या खेपेला गौरा गेली. सखूबाई गेली, सरपंचांची सून गेली, आणखी चार जणी गेल्या. आधी हापशाजवळ बसून काय मोडलं, पाइप किती, सगळं बघून घेतलं. ऑफिसच्या दारात दिवसभर बसल्या, आणि मिस्त्रीच्या गाडीत बसूनच गावात शिरल्या. पाणी आलं. गौरा हवालदाराच्या दारावरून गेली, आत डोकावली नाही.

गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. गाव कधी सुधारत नसतं. पण त्याला बोलवणं कमी झालं, आणि त्याच्याशी बोलणंही. त्याला 'रुसलेला कमांडो' म्हणायला लागले. सणाला बोलवायचे, पण पानाला आग्रह करायचे नाहीत. तो ओट्यावर एकटा बसायचा. गौरा पुढं बोलायला लागली, पण कामापुरतं. "अण्णा, भाकर." "अण्णा, औषध घेतलं का?" एवढंच. एकदा मला म्हणाला, "दाजी, मी चुकलो का हो?" मी खोटं बोललो नाही. म्हणालो, "माहीत न्हाई, हवालदार."

"मलाबी न्हाई," तो म्हणाला. "तिथं पण असंच असायचं. काम बरोबर झालं का, हे आम्हाला कधी कळायचं न्हाई. लांब कुठंतरी फौज पुढं गेली तर झालं. आम्हाला कोण सांगायला येतंय?"

बरीच वर्षं गेली. त्याच्या छातीत पाणी झालं. लातूरच्या दवाखान्यात नेलं, ते घरी न्या म्हणाले. आमच्याच घरात त्याची बाज टाकली. बोलणं जवळजवळ बंद होतं. डोळे मिटून पडायचा. आमचे गुरू जंगम येऊन विभूती लावून गेले.

एका सकाळी बाहेर गलका झाला. हापसा पुन्हा मोडला होता. भिंतीपलीकडून आवाज येत होते. कोण पाना मागतंय, कोण शिव्या देतंय, कोण म्हणतंय साखळी गेली, कोण म्हणतंय साखळी नाही रे, खालचं वायसरचं चामडं गेलंय. हवालदारानं डोळे उघडले. मला वाटलं आता हा उठायला बघेल. तो तसाच पडून ऐकत होता. बराच वेळ ऐकलं. मग गौराला खूण केली.

"कोण गेलं लातूरला?"

गौरा बाहेर जाऊन बघून आली. बाजेजवळ खाली बसली.

"कोणी गेलं न्हाई, अण्णा. वर उचलून खोलून बसलेत. सखूचा ल्योक, सरपंचाची सून, सगळी आळी आहे. चामडं आणायला एक जण औशाला गेला."

"मला बोलवलं?"

"न्हाई."

"दारात कोणी आलं?"

"न्हाई अण्णा. तुझं नावसुद्धा कोणी काढलं न्हाई."

तो हसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. सगळं तोंड हसलं. गौराला मात्र रडू फुटलं. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "अण्णा, तेव्हा मी लई बोलले रे."

"पाणी आण," तो म्हणाला.

ती आत वळली तसा त्यानं मान हलवली. घरातलं नको होतं, हापशाचं हवं होतं. मग आम्ही थांबलो. दुपारी दांडा हलल्याचा आवाज आला, बाया ओरडल्या. गौरा घागर घेऊन पळत गेली, रांगेत उभी राहिली, तिचा नंबर आल्यावर भरून आणली. मी त्याला टेकवून बसवलं. तिनं त्याचा डावा तळहात धुतला, त्यावर लिंग ठेवलं, पूजा होऊ दिली आणि मग वाटीनं पाणी पाजलं. त्यानं सगळी वाटी घेतली.

"अजून देऊ?" गौरानं विचारलं.

"नको," तो म्हणाला. "लोकांना भरू दे."